पेटीखालचा शिक्का: एकाच सिगारची सहा सालं, प्रकल्प नोंदी

१४ ऑक्टोबर २०२३, शारजा

क्युबन सिगार ओढणाऱ्यांच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "अमुक सालचा माल घ्या, तमुक सालचा टाळा." मीही पाच वर्षं हेच बोलत आलोय आणि त्यावर पैसेही घातलेत. आता ते तपासून बघायचं ठरवलंय. पार्तागास या क्युबन ब्रँडची सेरी डी नंबर ४ ही एकच सिगार घ्यायची, निरनिराळ्या सालांच्या पेट्या एकाच कपाटात, एकाच हवेत ठेवायच्या, आठवड्याला एक ओढायची आणि त्याच दिवशी लिहून ठेवायचं. आठवड्याला एकाहून जास्त नाही. हे घरात कबूल केलंय आणि तब्येतीच्या दृष्टीनं तेही कमी नाही.

हीच सिगार का? दरवर्षी भरपूर निघते, त्यामुळे जुन्या पेट्या सापडतात. माप पक्कं आहे: लांबी १२४ मिलिमीटर, जाडी ५० रिंग, म्हणजे इंचाचे ५०/६४, जेमतेम २० मिलिमीटर. माप एकच असलं की वजनांची तुलना करता येते.

हाताशी असलेला माल: २०१८ ची माझी पेटी, १४ शिल्लक. २०२१ ची न फोडलेली पेटी, २५. गेल्या महिन्यात घेतलेली २०२३ ची, २५. भाऊंकडून २०१४ च्या १० मिळणार आहेत, त्यांनी तेव्हा दिलेल्याच भावात. भाऊ मूळचे गुहागरचे, आखातात ३० वर्षं काढलेली, आता निवृत्त. मला सिगारची अक्षरओळख त्यांनीच करून दिली.

२०१८ ची पेटी अकराशे दिरहमच्या आत आली होती. २०२३ च्या पेटीला सतराशे मोजले. २०२२ च्या मे महिन्यात कोहिबा आणि त्रिनिदादचे भाव जगभर एका पातळीवर नेले, तेव्हापासून बाकीचे ब्रँडही चढतच गेलेत.

१५ ऑक्टोबर

शिक्के उतरवून घेतले. नवख्यांसाठी सांगतो: पेटी पालथी करा. तळाशी "हेचो एन कुबा" आणि "तोताल्मेंते आ मानो" असं भाजून उमटवलेलं असतं, म्हणजे क्युबात आणि पूर्ण हातानं केलेली. त्याच्याजवळ शाईचे दोन शिक्के असतात. एक कारखान्याचा, तीन अक्षरी. ही अक्षरं मधूनमधून बदलतात, त्यामुळे कारखाना कोणता हे खात्रीनं कळत नाही. दुसरा महिना आणि सालाचा. महिना स्पॅनिशमध्ये असतो: जानेवारीला एने, एप्रिलला आब्र, ऑगस्टला आगो, डिसेंबरला डिक.

माझ्याकडे माय १४, ऑक्ट १८, मार २१ आणि जून २३ आहेत.

जुन्या पेट्यांवर इतकं सरळ लिहिलेलं नसायचं. १९८५ पासून नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत अंकांऐवजी अक्षरं असत आणि त्यांची किल्ली "निवेल आकूसो" (NIVEL ACUSO) या दोन शब्दांत होती. दहा अक्षरं, पहिलं म्हणजे १, शेवटचं म्हणजे ०. तसली पेटी आपल्या ऐपतीबाहेरची, पण कुणाकडे निघाली तर वाचता यावी म्हणून लिहून ठेवलं.

२१ ऑक्टोबर

कपाट तयार झालं. वाइन थंड ठेवायचा छोटा कूलर जुना घेतला, ३५० दिरहम. देवदाराच्या दोन फळ्या, ९०. आर्द्रता मोजणारे डिजिटल हायग्रोमीटर तीन, प्रत्येकी ४५. आर्द्रता धरून ठेवणारी ६५ टक्क्यांची पाकिटं आठ, प्रत्येकी २२. सोनाराकडे असतो तसा ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा, ६०. तापमान १८ वर लावलं.

पाकिटं महाग वाटली म्हणून चारच आत ठेवली. सोबत जुन्या ह्युमिडॉरमधला, म्हणजे सिगारी ओलसर ठेवायच्या पेटीतला, पाण्याचा स्पंज टाकला. हे पुढे चांगलंच भोवलं.

नोव्हेंबर आणि डिसेंबर २०२३

या दोन महिन्यांच्या नोंदी तपशिलानं देत नाही, कारण पुढे त्या खोडाव्या लागल्या. थोडक्यात, २०२१ च्या सगळ्या घट्ट लागल्या, राख एका बाजूला ओढत होती, दोन तर मध्येच विझल्या. २०२३ च्या तोंडात कडू होत होत्या. २०१८ च्या बऱ्या. वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं, "२०२१ वाईट साल." बैठकीत सांगूनही टाकलं.

६ जानेवारी २०२४

भाऊ कपाट बघायला आले. एक सिगार उचलली, अंगठा आणि तर्जनीत धरून कानाजवळ हलकेच दाबली. माझ्याकडे बघून म्हणाले, "अरे, ही भिजल्येय. मिठानं तपासलंस का रे मीटर?"

तपासला नव्हता. कंपनीतून आलेला आकडा बरोबरच असणार असं धरून चाललो होतो.

मिठाची तपासणी अशी: बाटलीच्या झाकणात चमचाभर साधं मीठ घ्यायचं, ओल्या वाळूसारखं होईल एवढंच पाणी घालायचं, विरघळेल इतकं नाही. हायग्रोमीटरसोबत ते चेन लावायच्या पिशवीत बंद करायचं आणि रात्रभर ठेवायचं. आतली हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. सकाळी माझ्या तीन मीटरांपैकी एक ७४ दाखवत होता, दुसरा ७१ आणि तिसरा ६८. कपाटात लावलेला होता तो हा तिसरा. म्हणजे मी ६५ समजत होतो तेव्हा आत ७२ होतं.

११ सिगारींच्या नोंदी बाद. ७०० दिरहमच्या आसपास धूर झाला आणि अडीच महिने गेले. ओलं पान फुगतं, धुराची वाट आवळली जाते, जळताना वाफ होऊन कडू लागतं. २०२१ च्या पेटीचा यात काही दोष नव्हता. ती सगळ्यात खालच्या फळीवर, स्पंजाशेजारी होती.

बैठकीत जाऊन चूक कबूल केली. दोघांनी माझं ऐकून २०२१ च्या पेट्या घ्यायचं टाळलं होतं. त्याचं फार वाईट वाटलं.

७ जानेवारी

स्पंज फेकला. आठही पाकिटं आत. मीटरांवर किती फरक धरायचा ते चिकटपट्टीवर लिहून लावलं.

प्रत्येक सिगारचं वजन करून ठेवलं. बँडच्या, म्हणजे सिगारभोवतीच्या कागदी पट्टीच्या, आतल्या बाजूला पेन्सिलीनं साल आणि क्रमांक, म्हणजे पेटीतून बाहेर काढली तरी घोटाळा नको. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

१८ फेब्रुवारी

सहा आठवड्यांनी परत वजनं केली. मार २१ मधली आठवी १२.४१ ग्रॅमची १२.१५ झाली. कमी-जास्त सगळ्यांचं तसंच. आता हवा खरोखर ६५ आहे.

आज पहिली खरी नोंद. २०२१ ची हीच आठवी. ड्रॉ, म्हणजे झुरक्याला धुराची वाट, मोकळा, राख दीड इंचापर्यंत टिकली, पहिल्या तिसऱ्या भागात मिरीचा झणका, मग भाजलेल्या ब्रेडसारखं. डिसेंबरात ज्या पेटीला शिव्या घातल्या तीच ही.

१० मार्च

आता सालाचा खरा मुद्दा, जो मला भाऊंनी समजावेपर्यंत नीट कळलाच नव्हता.

शिक्क्यावरचं साल पेटी भरल्याचं असतं, पीक काढल्याचं नाही. पिनार देल रिओ प्रांतातल्या वुएल्ता आबाहोत, सान लुइस आणि सान हुआन इ मार्तिनेसच्या शिवारात, रोपं ऑक्टोबर ते डिसेंबरात लावतात आणि जानेवारी ते मार्चमध्ये पानं खुडतात. मग पानं शेडात टांगून सुकवायची, ढीग लावून ऊब द्यायची, शिरा काढायच्या, परत ऊब द्यायची आणि गठ्ठे बांधून मुरवायचं. झाडाच्या वरच्या अंगाचं जड पान, ज्याला लिगेरो म्हणतात, ते निदान दोन वर्षं मुरल्याशिवाय वापरत नाहीत. मधलं सेको आणि खालचं वोलादो लवकर तयार होतं. वरून गुंडाळायचं रॅपर वेगळ्याच झाडांचं, कापडाच्या सावलीत वाढवलेलं, आणि तेही लवकर वापरात येतं.

म्हणजे जून २३ च्या एका सिगारमध्ये तीन-चार हंगामांची पानं एकत्र असतात. "२०२३ चं साल" असं काही त्या सिगारमध्ये नसतंच. असतात ते २०२३ मध्ये वळणारे हात आणि त्याआधीच्या हंगामांची पानं.

मी निपाणीचा. आजोबा विडीची तंबाखू लावायचे आणि आमच्या घरी साल म्हणजे पीक: अमक्या साली पाऊस अवेळी आला, तमक्या साली पान जाड आलं. तेच गणित डोक्यात ठेवून मी पेटीचा शिक्का वाचत होतो. तिथेच चुकत होतो.

१७ मार्च

जून २३ मधली चौथी. ताजी पेटी, नऊच महिने झालेली. कापल्याबरोबर नाकात अमोनिया झोंबला. लहानपणी निपाणीच्या वखारीत शिरलं की डोळ्यांत पाणी यायचं, तीच जात. तोंडात खरखर, मागे कडवटपणा. अर्ध्यावर ठेवून दिली.

पेटी भरल्यानंतर काही महिने सिगार अशी वागते. वळताना पान ओलं करतात, त्यामुळे आत परत थोडी ऊब चालू होते आणि तिचा वायू बाहेर पडायला वेळ लागतो. कुणाची सहा महिन्यांत निवळते, कुणाची दीड वर्षात. आणि याला लोक "२०२३ खराब" म्हणतात! २०१८ ची २०१९ मध्ये ओढली असती तर तीही अशीच लागली असती. वयाचा फरक आपण सालाच्या नावावर मांडतो. हे वहीत ठळक लिहिलं.

पुढची जून २३ आता डिसेंबरात.

२८ एप्रिल

पैसे बुडाले. एका ओळखीच्याच्या ओळखीतून "२०१४ ची डी ४, सीलबंद" असा निरोप आला. भाऊंच्या २०१४ च्या फक्त १० आहेत, म्हणून मोह झाला. पेटी घरी आणायच्या आधीच ४०० दिरहम पाठवले.

पेटी आली, पालथी केली, डिक १४. पण झाकणावरचा हमीचा पट्टा होलोग्राम नसलेला, जुना. २०१० पासून पट्ट्यावर होलोग्राम आणि बारकोड येतो, त्यामुळे २०१४ च्या पेटीवर जुना पट्टा असायचं कारणच नाही. पेटी परत केली, पैसे काही आले नाहीत. शिक्का शाईचा असतो, कुणीही मारू शकतो. साल वाचायच्या आधी पट्टा वाचा आणि बारकोडचा आकडा कंपनीच्या साइटवर टाकून बघा.

१२ मे

भाऊंच्या माय १४ मधली तिसरी. बरोबर दहा वर्षं. झणका पूर्ण गेलाय. चामडं, सुकं लाकूड आणि शेवटी गोडसर काहीतरी, जुन्या लाकडी कपाटाचं दार उघडल्यावर येतो तसा वास. छान होती. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर तिच्यात पार्तागास कमी आणि म्हातारी सिगार जास्त होती. ज्यांना पार्तागासचा तिखटपणाच आवडतो त्यांनी दहा वर्षांच्या पेटीला दुप्पट भाव देऊ नये असं माझं मत झालंय.

भाऊंचं मत उलट. ते म्हणाले, "तुला मिरच्या आवडतात, त्याला मी काय करू?" मग थोडा वेळ दोघंही गप्प बसून ओढत राहिलो.

३ ऑगस्ट

तीन आठवडे गावी होतो. परत आलो तर कूलरचा पंखा बंद पडलेला. आत ३१ अंश. किती दिवसांपासून ते कळायला मार्ग नाही.

मार २१ ची पेटी उघडली. तिसऱ्या सिगारवर टाचणीनं टोचल्यासारखं गोल भोक, कडा स्वच्छ, खाली फळीवर चिमूटभर तपकिरी भुकटी. तंबाखूतला भुंगा. त्याची अंडी पानात आधीपासून असू शकतात, २४-२५ अंशांच्या वर गेलं की उबतात. त्या पेटीतल्या सहा सिगारींना भोकं होती. एक उभी चिरून बघितली तर आत मधोमध बोगदा आणि त्यात गुंडाळून बसलेली पांढरी अळी, तांदळाच्या कणीएवढी.

सगळं काढलं. प्रत्येक पेटी दोन पिशव्यांत बांधून घरच्या फ्रीझरमध्ये, उणे १८ अंश, तीन दिवस. घरात बाकी काही ठेवायला जागा उरली नाही, त्यावरून बोलणीही खाल्ली.

७ ऑगस्ट

आणखी एक चूक. घाईत दोन पेट्या फ्रीझरमधून थेट बाहेर काढल्या. तीन सिगारींची रॅपर तडकली, पेटवायच्या टोकापासून वर सरळ चीर. बाकीच्या आधी एक दिवस फ्रीजमध्ये ठेवल्या, मग कपाटात. त्यांना काही झालं नाही. थंडीतून बाहेर येताना पान हळूहळू सैल व्हावं लागतं.

नुकसान: नऊ सिगारी आणि नवा पंखा, ८० दिरहम. आता कपाटावर फोनला निरोप पाठवणारा थर्मामीटर लावलाय, १३०. हा पहिल्याच दिवशी घ्यायला हवा होता. ज्यांना आखातात किंवा विदर्भात हे काम करायचंय त्यांनी सिगारच्या आधी हा घ्यावा.

२२ सप्टेंबर

नोव २२ ची पेटी भाऊंसोबत निम्मी-निम्मी घेतली, वाट्याला १२ आल्या. माझा हेतू असा की २७ सप्टेंबर २०२२ ला इयान चक्रीवादळ पिनार देल रिओवर आदळलं, पानं सुकवायची हजारो शेडं भुईसपाट झाली, म्हणून नोव्हेंबर २२ ची पेटी ही वादळानंतरची पेटी. बघू काय फरक पडतो.

ओढली. काहीच फरक नाही. आणि मार्चमध्ये स्वतःच लिहिलेलं पान उलटलं तेव्हा उत्तर समोर होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये वळलेल्या सिगारमधली पानं वादळाच्या कितीतरी आधी खुडलेली. वादळानं मोडलं ते पुढच्या हंगामाचं घर. त्याचा परिणाम पेट्यांत दिसायचा तर तो २०२५ च्या आसपास आणि नंतर दिसणार, तोही लिगेरोत उशिरा. स्वतः लिहून ठेवलेली गोष्ट विसरून ८०० दिरहम घातले. सिगारी चांगल्या आहेत, एवढं समाधान.

२० ऑक्टोबर

भाऊंनी आज खजिना काढला. डिक ०१ च्या चार. २००२ मध्ये त्यांनी घेतलेल्या पेटीतल्या शेवटच्या.

या सालांबद्दल जे बोललं जातं त्यात तथ्य आहे. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात जगभर सिगारची मागणी एकदम चढली, क्युबानं उत्पादन झपाट्यानं वाढवलं, नवखे हात वळायला बसले आणि १९९८ ते २००१ च्या पेट्यांत तुंबलेल्या सिगारींचं प्रमाण फार झालं. मग कारखान्यांत ड्रॉ मोजायची यंत्रं आली. पानाचीही भानगड होती. १९७९-८० मध्ये ब्लू मोल्ड बुरशीनं जवळजवळ सगळं पीक नेलं होतं. त्यामुळे रोगाला तोंड देणारी वाणं शोधायला लागली. अबाना २००० हे तसलं एक. रोगाला टिकायचं, पण रॅपर जाड आणि जळायला हट्टी. पुढे क्रिओयो ९८ आणि कोरोहो ९९ यांनी त्याची जागा घेतली.

चारांचं वजन केलं: ११.०२, ११.३८, ११.६१ आणि १३.०४. शेवटची बाजूला ठेवली.

११.३८ ची ओढली. शांत, मऊ, मध आणि जुन्या कागदासारखी. दोनदा पेटवावी लागली, रॅपर मागे राहत होतं. ड्रॉ मात्र सुंदर. बदनाम सालातली, आणि या वर्षातली माझी सगळ्यात आवडती.

२७ ऑक्टोबर

१३.०४ ची. कापून कोरडा झुरका घेतला तर हवाच येईना. मुठीत धरून बोटांनी चाचपत गेलो तर बँडच्या खाली अंगठ्याएवढ्या जागी गाठ, खडा असावा तशी. दातेरी सळई घातली, गोल फिरवत हळू बाहेर ओढली, दात्यांत मुरडलेल्या पानाचा बोळा आला. तीन वेळा केल्यावर धूर मिळाला. वळणाऱ्यानं पानांची घडी नीट मोकळी न ठेवता पीळ दिला की असं होतं. २३ वर्षं मुरवूनही ती गाठ सुटत नाही.

एकाच पेटीतल्या, एकाच महिन्यातल्या दोन सिगारी. एक वर्षातली सर्वोत्तम, एक सळईशिवाय ओढता न येणारी.

१ डिसेंबर

त्यावरून जानेवारीतल्या वजनांची वही परत काढली. आधीच काढायला हवी होती. मार २१ च्या पेटीत सगळ्यात हलकी १०.७ ग्रॅम, सगळ्यात जड १३.१. ऑक्ट १८ मध्ये १०.९ ते १२.६. जून २३ मध्ये ११.० ते १२.९. प्रत्येक पेटीची सरासरी मात्र ११.६ ते ११.९ च्या आत. म्हणजे साला-सालात फरक ०.३ ग्रॅमचा आणि एकाच पेटीच्या आत १.७ ते २.४ ग्रॅमचा.

फेब्रुवारीपासून ओढलेल्यांत १२.५ च्या वरच्या नऊ होत्या, त्यातल्या सहा घट्ट. ११ ते १२ मधली एकच. सालापेक्षा काटा जास्त सांगतोय.

१२.५ च्या वरच्या उरलेल्या सगळ्या आता वेगळ्या डब्यात ६२ टक्क्यांवर. ओढायच्या आधी तीन दिवस साध्या देवदाराच्या डबीत, पाकिटाशिवाय. त्यानं निम्म्या सुधारतात. गाठ असलेल्यांना सळईच लागते.

८ डिसेंबर

जून २३ परत, दीड वर्षाची. अमोनिया गेला. अजून मधे कोवळी तुरट चव आहे, पण शेवटपर्यंत ओढली. मार्चमध्ये जी पेटी विकून टाकावी वाटत होती ती आता ठेवणार.

४ जानेवारी ते २५ जानेवारी २०२५

डोळे झाकून चाचणी. बायकोनं बँड काढले, रंगीत दोरे बांधले आणि यादी स्वतःकडे ठेवली. माय १४, ऑक्ट १८, मार २१ आणि जून २३ प्रत्येकी दोन, सगळ्या ११ ते १२ ग्रॅममधल्या. मी चार, भाऊंनी चार. इथेही आठवड्याला एकची शिस्त पाळली, म्हणून चार आठवडे लागले.

निकाल: माय १४ आम्ही दोघांनीही ओळखली. जून २३ भाऊंनी ओळखली, मी ती २०२१ म्हणालो. ऑक्ट १८ आणि मार २१ दोघांनाही वेगळ्या करता आल्या नाहीत, उलटसुलट सांगितल्या. भाऊ २४ वर्षं ही सिगार ओढतायत.

म्हणजे वय कळतं. दहा-साडेदहा वर्षांची आणि दीड वर्षाची यांतला फरक कुणालाही कळेल. तीन वर्षांच्या अंतरातली दोन सालं, हवा सारखी आणि वजन सारखं असेल तर, आम्हाला कळली नाहीत. आठच सिगारी आहेत, त्यावरून जगाला शिकवायला जाणार नाही. पण २०१८ साठी जास्त पैसे मागणाऱ्याला मी आता देणार नाही.

२ फेब्रुवारी

खर्चाची बेरीज, ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी. कपाट, फळ्या, मीटर, पाकिटं, काटा, पंखा, थर्मामीटर, सळई: ११०० दिरहमच्या थोडं वर, पाकिटं वर्षातून दोनदा बदलावी लागतात ती वेगळी. सिगारी सुमारे ४५००. बुडालेले ४००. वाया गेलेल्या सिगारी २०: ओल्या ११, भुंग्याच्या सहा, तडकलेल्या तीन. वेळ १६ महिने, त्यातले अडीच पूर्ण फुकट.

काटा ६० दिरहमचा आणि मीठ घरातलं. सगळ्यात जास्त याच दोन गोष्टी कामी आल्या.

१६ फेब्रुवारी

डिक ०१ मधली शेवटची, ११.६१ ची, भाऊंनी दोघांत ओढायला आणली. मी नको म्हणालो, म्हटलं तुमची शेवटची आहे, तुम्हीच ओढा. "तू एवढी वही लिहिलीस आणि शेवटची नोंद कशी करणार?" म्हणत त्यांनीच कापली आणि पहिला झुरका मला दिला.

दुकानातल्या एका फोटोत आम्ही रॅपरच्या पानांचे गठ्ठे बघितले होते, रॉयल पामच्या खोडावरच्या वाळक्या आवरणात बांधलेले. भाऊ तेव्हा फोटोवर बोट ठेवून म्हणाले होते, "ही तर आमची विरी!" पोफळीची. गुहागरात त्यांच्या घरी तिचे द्रोण करतात. आज सिगार ओढताना परत तेच सांगत होते, की पान असल्या सालीत बांधलं की श्वास घेत राहतं, प्लास्टिकमध्ये कोंडलं की मरतं. मधाची चव आली. शेवटच्या बोटभर भागात रॅपर परत मागे राहिलं, काडीनं जागेवर आणलं.

१७ फेब्रुवारी

जून २३ मधल्या ११ ते १२ ग्रॅमच्या दहा निवडून पेटीत परत लावल्या. झाकणाच्या आत कागद चिकटवला: प्रत्येकीचं वजन, हवा ६५, तापमान १८, फ्रीझरमधून निघाल्याची तारीख. वरून दोरा बांधला आणि भाऊंच्या कपाटात ठेवून आलो, माझ्या पंख्यावर अजून विश्वास बसत नाही म्हणून. पुढचं वजन जून २०२७ ला.